कार्तिकातला रफार

गेल्या दिवाळीत धारवाडला गेले तेव्हा मामांचा संगणक टेबलावर उताणा पडला होता. कॅबिनेटची एक बाजू उघडी होती, आतला बोर्ड काढून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला होता आणि त्यावरच्या चार कपॅसिटरांची डोकी तळलेल्या पुरीसारखी फुगली होती. मामांनी त्यातल्या एकावर बोट ठेवलं. "हे गेलं. बाकीचं शरीर धडधाकट आहे."

सुभाष रोडच्या मागच्या बाजूला एका खोलीत मामांचं डीटीपीचं काम चालतं. लग्नामुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, मठातल्या उत्सवाची कार्यक्रमपत्रिका, आरत्यांची पुस्तिका, कुणाच्या तरी आजोबांच्या आठवणींचं चाळीस पानी पुस्तक. पत्रिकेची एक बाजू कन्नड आणि दुसरी मराठी, अशी कामं त्यांच्याकडे अजून येतात. वऱ्हाड अर्धं गदग-हावेरीचं आणि अर्धं बेळगाव-कोल्हापूरचं असतं, त्यामुळे कुणाला एकच बाजू देऊन भागत नाही. तुळशीचं लग्न झालं की कामांची रीघ लागते, आणि त्याला आता दोन आठवडेही उरले नव्हते.

मामा आदल्या दिवशी हुबळीहून नवा संगणक घेऊन आले होते. छोटं, डब्याएवढं यंत्र. हुबळी-धारवाड चिगरी बसमधून वीस किलोमीटर मांडीवर धरून आणलेलं. आत विंडोज ११ आधीच घातलेलं.

"आलीस ते बरं झालं," मामा म्हणाले. "याच्यात माझं एक्सपी घालून दे. नवं काढू नको हां. नवं तिथंच राहू दे, जुनं त्याच्या शेजारी बसव. चालू केलं की यंत्रानं विचारलं पाहिजे, दोघांपैकी कुणाला उठवू?"

मी पुण्यात गेली नऊ वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. मी लगेच म्हणाले, "मामा, ते नको."

"का नको?"

तिथून जो वाद सुरू झाला तो भाऊबीजेपर्यंत पुरला.

मी आधी तारखा मांडल्या. विंडोज एक्सपी बाजारात आलं २००१ साली. ८ एप्रिल २०१४ नंतर त्याला सुरक्षेची डागडुजी मिळणं थांबलं. विंडोज सेव्हनचं तेच १४ जानेवारी २०२० ला झालं, आणि विंडोज १० चं तर १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्याला अजून पंधरवडाही उलटला नव्हता. "मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची कीड जगभर पसरली, मामा. इंग्लंडातली इस्पितळं बंद पडली होती. डागडुजी न केलेल्या यंत्रांतूनच ती शिरली."

"माझं यंत्र इंटरनेटला कधी जोडलं होतं?"

"नव्हतं."

"मग कीड काय भिंतीतून येणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांना तसं सांगितलंही. कारखान्यातल्या लेथसारखी कितीतरी यंत्रं अजून जुन्या प्रणालीवर बिनघोर चालतात. ती कुठल्या जाळ्यात नसतात आणि त्यांना एकच काम ठाऊक असतं. मामांचं दुकान त्याच जातीचं होतं. आमच्या धंद्यातली माणसं 'जुनं म्हणजे धोका' एवढंच पाठ करून बसलेली असतात. जुनं कुठे आणि कशाला जोडलेलं आहे हे विचारत नाहीत. मीही विचारलं नव्हतं.

"आणि हे मी पहिल्यांदा सांगत नाही तुला," मामा म्हणाले. "२००८ साली करून झालंय."

ती गोष्ट घरात सगळ्यांना अर्धवट माहीत होती. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा पूर्ण ऐकली.

२००८ च्या मे महिन्यात मामांनी नवा संगणक घेतला, तेव्हा दुकानांत विंडोज व्हिस्टा घातलेलीच यंत्रं मिळत होती. व्हिस्टा लोकांच्या हाती येऊन सव्वा वर्ष झालं होतं. मामांचं फॉन्टचं पॅकेज त्यावर चालेना. त्या पॅकेजला यूएसबीत खोचायचं एक कुलूप असतं, डीटीपीवाले त्याला नुसतं 'लॉक' म्हणतात, आणि त्या लॉकचा ड्रायव्हर व्हिस्टाला पटेना. लॉक नाही म्हणजे फॉन्ट नाही, आणि फॉन्ट नाही म्हणजे दुकान बंद. एक कारागीर आला. खिशातून सीडी काढली आणि व्हिस्टा असलेल्या डिस्कचाच एक तुकडा मोकळा करून त्यावर एक्सपी चढवायला बसला.

"पहिल्यांदा निळा पडदा," मामा म्हणाले.

"शेवटी सात-बी असा आकडा होता?"

"आता कुठला आठवायला."

बहुतेक तोच असणार. एक्सपीच्या सीडीत साटा डिस्कचे ड्रायव्हर नव्हते. सुरुवातीलाच एफ-६ दाबून ते फ्लॉपीवरून द्यावे लागत. नाही दिले तर एक्सपीला डिस्कच दिसत नसे. कारागिराने सोपी वाट धरली. बायोसमध्ये जाऊन डिस्कची चाल जुन्या आयडीई पद्धतीची करून टाकली. एक्सपी चढलं, मामांनी लॉक लावलं, फॉन्ट उमटले. पेढे वाटले, ते अर्थातच लाइन बाजारातून आणलेले.

मग लक्षात आलं की व्हिस्टा नाहीसं झालंय. डिस्कवर ते होतं, पण यंत्र उठताना त्याचं नावच घेईना. झालं होतं ते असं. व्हिस्टा उठवणारा द्वारपाल नव्या घडणीचा. त्याला दोघांची नावं ठाऊक ठेवता येतात. एक्सपीचा द्वारपाल जुना. आपल्यानंतर सहा वर्षांनी कुणी येणार आहे हे त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. नंतर आलेल्या एक्सपीने दारात आपला माणूस उभा केला आणि तो फक्त घरच्याच माणसांना ओळखत होता. म्हणून जाणकार सांगायचे, आधी जुनं घाला, मग नवं. पण नवं जर दुकानातून घालूनच आलं असेल तर हा क्रम पाळायचा कसा? व्हिस्टाची डीव्हीडी हाताशी असती तर नवा द्वारपाल पुन्हा बसवून त्याच्या यादीत एक्सपीचं नाव घालता आलं असतं. अर्ध्या तासाचं काम. डीव्हीडी नव्हती. त्या काळात यंत्राबरोबर डीव्हीडी देण्याऐवजी डिस्कच्याच एका कोपऱ्यात 'रिकव्हरी' भरून ठेवायची पद्धत पडली होती.

"त्यानं ती रिकव्हरीची कळ दाबली," मामा म्हणाले. "पडद्यावर काहीतरी इंग्रजीत विचारलं. त्यानं हो म्हटलं."

रिकव्हरीने तिचं काम चोख केलं. डिस्क कारखान्यातून निघाली तशी करून ठेवली. एक्सपी गेलं, आणि तीन आठवड्यांचं कामही गेलं. एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेची साठ पानं त्यात होती. मामांकडे फक्त प्रूफं उरली, लाल शाईने भरलेली. मामा आणि मामींनी आळीपाळीने बसून नऊ रात्रींत ती साठ पानं पुन्हा टाइप केली. मामी वाचून दाखवायच्या, मामा टाइप करायचे. मामींना कन्नड शाळेत शिकल्यामुळे मराठी वाचताना थोडं अडायला व्हायचं. त्या अडल्या की मामा थांबायचे. मामी आता नाहीत. हे सांगताना मामा खिडकीबाहेर बघत होते आणि मी चहाचे कप उचलून आत गेले.

परत आले तेव्हा ते सावरले होते. "त्यातून मी काय शिकलो ऐक. एका डिस्कवर दोघांना ठेवायचं नाही. जून महिन्यात हुबळीला जाऊन एक्सपीचा खोका विकत आणला, बिलासकट. दुसरी डिस्क आणली. व्हिस्टाच्या डिस्कची वायर काढून ठेवली, मग एक्सपी दुसऱ्या डिस्कवर घातलं, मग वायर परत लावली. उठताना एफ-१२ दाबायचं आणि डिस्क निवडायची. सतरा वर्षं चाललं."

मी थक्क झाले. वायर काढून ठेवणं हे यातलं मर्म आहे. जी डिस्क दिसतच नाही तिच्या दाराशी एक्सपी कसली ढवळाढवळ करणार? दोन्ही घरांची दारं वेगळी, द्वारपाल वेगळे. फक्त एक उणीव त्यात राहते. एक्सपी चालू असताना शेजारची डिस्क त्याला दिसली, की व्हिस्टाने जपून ठेवलेले जुने रिस्टोअर पॉइंट ते पुसून टाकतं. मामांना त्याचं काही नव्हतं, ते व्हिस्टाकडे फारसे फिरकतच नसत. आणि खोका जूनमध्ये आणला हेही बरोबर साधलं. ३० जून २००८ पासून एक्सपीची सर्वसाधारण विक्रीच थांबली. यंत्राबरोबर आलेला परवाना त्या यंत्राबरोबरच संपतो. खोक्यातला दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. म्हणजे परवान्याचा मुद्दा मी काढला असता तर तोही मामांच्याच बाजूने पडला असता.

"मग आताही तेच कर," मामा म्हणाले. "डिस्क जिवंत आहे. लाव आणि एफ-१२ दाब."

"ते आता होत नाही, मामा."

त्यांना वाटलं, मला करायचं नाही. म्हणून मी खुर्ची ओढून त्यांना शेजारी बसवलं आणि नव्या यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरले. जुनं यंत्र उठलं की डिस्कच्या अगदी पहिल्या घरात काय लिहिलंय ते वाचायचं आणि तसं चालायचं. नवं यंत्र यूईएफआय पद्धतीचं. ते डिस्कवर एका ठरलेल्या जागी ठरलेल्या प्रकारची फाइल शोधतं, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर तिच्यावरची सहीदेखील तपासतं. एक्सपीकडे ती फाइल नाही आणि सहीही नाही. मधली काही वर्षं यंत्रांत जुन्याची नक्कल करणारी एक सोय असायची. इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत ती काढून टाकणार. मी एकेक पान उघडून मामांना दाखवलं. या डब्यात ती ओळच नव्हती.

"मग सेव्हन घाल. मधलं कायतरी."

हा प्रश्न चांगला होता. मी त्याच्यावर बराच वेळ घालवला, कारण मलाही वाटलं की निघेल काहीतरी. पण सेव्हनची डीव्हीडी नव्या यूएसबीला ओळखत नाही, त्यामुळे इन्स्टॉलच्या पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड आणि माउस दोन्ही गप्प होतात. नव्या जातीची डिस्क तिला दिसत नाही. हे सगळं खटपटीने ओलांडता येतं. पुढची कोंडी मात्र सुटत नाही. मामांच्या लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटचा. ६४ बिटचं सेव्हन तो घेणार नाही, आणि ३२ बिटचं सेव्हन या यंत्रावर उठणार नाही.

"आणि अजून एक." मी डिस्कच्या माहितीचं पान उघडलं. "ही डिस्क कुलूपबंद आहे. नवी यंत्रं आपोआप करतात तसं. मी दाराशी काही बदल केले तर यंत्र ४८ आकडी किल्ली मागेल."

"मागू दे की. किल्ली कुठाय?"

ज्या खात्याने यंत्र सुरू केलं त्या खात्यात ती किल्ली असते. दुकानातल्या मुलाने यंत्र सुरू करून देताना भलताच कुठला तरी ईमेल घातला होता, आणि तो मामांना ठाऊक नव्हता. म्हणजे आदल्या रात्री मामांचं ऐकून मी उत्साहाने काही उलटसुलट केलं असतं, तर २००८ पुन्हा घडलं असतं. मी आधी चालू यंत्रातूनच ती किल्ली काढून घेतली. मामांनी ४८ आकडे हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर सहा-सहाच्या आठ गटांत लिहिले, आणि मग स्वतःच्या सवयीने मला मोठ्याने वाचायला लावून एकेक आकडा पडताळून पाहिला. नवीन यंत्र आणणाऱ्या प्रत्येकाने त्याच दिवशी हे करावं. कुणी सांगत नाही म्हणून मी इथे लिहितेय.

मग मी माझा तोडगा मांडला. नव्याच्या पोटात जुनं चालवायचं. व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर विंडोज ११ च्या आत एक काल्पनिक जुना संगणक उभा करतं. एक्सपीला वाटतं, आपण २००८ च्याच यंत्रात आहोत. लॉक यूएसबीत खोचलं की ते सरळ आतल्याच्या हाती देता येतं. इंटरनेट आतल्याला द्यायचंच नाही. सेव्हन आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच त्याच्या प्रोफेशनल आवृत्तीसाठी 'एक्सपी मोड' म्हणून हीच सोय दिली होती. म्हणजे ही अडचण त्यांनाही कळलेली होती.

"म्हणजे भाडेकरू," मामा म्हणाले.

"हो, तसं म्हणा."

"नवं पडलं की जुनंही पडलं. जुनं नव्याच्या मेहेरबानीवर. मला ते नको. माझ्या डिस्कला तिचं स्वतःचं दार होतं."

"पण मामा, तुमची डिस्क त्या बोर्डाच्या जिवावर होती. चार कपॅसिटर फुगले आणि दार असून उपयोग झाला नाही. पोटातलं एक्सपी म्हणजे शेवटी एक मोठी फाइल. ती मी दोन डिस्कवर उतरवून एक तुमच्याकडे ठेवीन, एक पुण्याला नेईन. हा डबा उद्या बिघडला तर पुढच्या डब्यात तीच फाइल उघडायची. कागद, फॉन्ट, लॉकचा ड्रायव्हर, तुमच्या फोल्डरांची नावं, सगळं जिथल्या तिथे."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग फोन वाजला, त्यांनी उचलला, "हेळ्री" म्हणाले आणि पुढची पाच मिनिटं एका पत्रिकेचा मजकूर कन्नडमधून लिहून घेत बसले. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाव ते तुझं."

रात्री जुनी डिस्क जोडून तिची प्रत काढली. सकाळी एक्सपीचं हिरवं माळरान नव्या पडद्यावरच्या एका चौकटीत उघडलं. लॉकचा दिवा लागला. पानं लावायचं पेजमेकर उघडलं. मामांनी उत्सवपत्रिका उघडून बटर पेपरवर एक पान काढलं, उजेडाकडे धरून ओळी बघितल्या आणि मान हलवली. वाद इथे संपला असता तर मी हे लिहिलंच नसतं. पण आता माझी पाळी होती.

"मामा, हे चाललं. पण किती दिवस?"

"मी आहे तोवर."

"आणि नंतर?"

मी त्यांच्या डिस्कवरचा एक मजकूर माझ्या फोनवर उघडून दाखवला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, टोप्या घातलेले युरोपियन स्वर, असा नुसता कचरा. मामांना ते नवं नव्हतं. फॉन्ट नसेल तर असं दिसतं हे त्यांना पंचवीस वर्षं माहीत आहे. पण ते सगळं मराठी, तिथे दुसरं काहीच नाही, हे फोनवर बघून ते जरा हबकले.

श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, अशा त्या पिढीच्या सगळ्या फॉन्टांची ही एकच युक्ती होती. संगणकाला तेव्हा इंग्रजी वळणाची २५६ घरं माहीत होती. त्या घरांत क, अर्धा क, काना, वेलांटी, रफार असे देवनागरीचे तुकडे बसवले. संगणक समजे की तो इंग्रजीच लिहितोय. डोळ्यांना मराठी दिसे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडत नसे. कन्नडचंही 'नुडी'च्या जुन्या फाइलींत असंच आहे.

"युनिकोड तेव्हा नव्हतं म्हणून हे केलं ना आम्ही?" मामांनी विचारलं.

"होतं, मामा. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. विंडोज २००० मध्ये आलंही."

"मग मी मूर्ख ठरलो."

"नाही. पेजमेकरला ते कधीच कळलं नाही. तुम्ही युनिकोड घेतलं असतं तर पान कशात लावलं असतं?"

हे मी त्यांचं मन राखायला म्हटलं नाही. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या नीट आल्या त्या इनडिझाइनच्या सीएस-६ मध्ये, २०१२ साली. आणि पेजमेकरच्या फाइली उघडू शकणारं शेवटचं इनडिझाइनही सीएस-६ च. दोन्ही तीरांना टेकलेला तो पूल एकाच आवृत्तीपुरता उभा होता. ज्यांनी तेवढ्यात ओलांडलं ते ओलांडले. धारवाडच्या एका खोलीत पत्रिका जुळवणाऱ्या माणसापर्यंत ही दवंडी कुणी आणली नाही. मराठीची अशी किती पानं किती डिस्कांवर पडली असतील! स्मरणिका, गावांचे इतिहास, वंशावळी, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही अशी. मला याचं मनापासून वाईट वाटतं. अशा माणसांना आम्ही 'जुनाट' म्हणतो आणि पुढे जातो.

मामांनी मान वर केली. "म्हणूनच म्हणतोय. जुनं सोड म्हणायला तुझं काय जातं? मी ज्या दिवशी एक्सपी सोडीन त्या दिवशी हे सगळं वाचणारं कुणी उरणार नाही. सोडायच्या आधी आतला माल कोण काढणार?"

"आपण काढू. आत्ता."

"सगळा?"

"एक पान."

पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढला आणि मी घरून आणलेल्या कोष्टकातून तो युनिकोडमध्ये नेला. पहिल्याच ओळीत 'कार्तिक' अडला. मामांनी तो शब्द टाइप करताना बोटांनी काय केलं होतं? डोळ्यांना दिसतो तसा. क, काना, मग वेलांटी, मग त, मग त्याच्या डोक्यावर रफार, मग क. युनिकोड शब्द उच्चारासारखा साठवतं. क, काना, मग र आणि हलन्त, मग त, मग वेलांटी, मग क. म्हणजे एका 'र्ति'साठी वेलांटीला त च्या नंतर न्यायचं आणि रफाराला त च्या आधी आणायचं. माझ्या कोष्टकाने वेलांटी हलवली आणि रफार तिथेच विसरला.

मामा हसले. खूप दिवसांनी. "प्रेसमध्ये खिळे जुळवताना मीसुद्धा रफार विसरायचो. मालक म्हणायचे, बाळ, डोक्यावरचं आधी बघ."

ते दुरुस्त केलं. मग 'सोयऱ्याधायऱ्यांसह' आलं. कोष्टकाने दोन्ही ठिकाणी य च्या डोक्यावर रफार ठेवून 'सोयर्याधायर्यांसह' केलं. मराठीतला हा मिशीसारखा र हिंदीला लागत नाही, आणि मी जिथून कोष्टक उचललं होतं ते हिंदीचं होतं. मामांनी त्यांच्या फाइलीत असे शब्द कुठे कुठे येतात त्यांची यादी वहीच्या मागे उतरवून दिली: दुसऱ्या, तिसऱ्या, पायऱ्या, सुपाऱ्या, वऱ्हाड, वाऱ्यावर. मी ते बसवले.

अक्षराच्या वळणावरही तंटा झाला. जुन्या विंडोजबरोबर येणाऱ्या 'मंगल'मध्ये ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. मामा तो ल आपल्या पत्रिकेवर छापायला तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. मी त्यांना 'तिरो देवनागरी मराठी' दाखवला. नावातच मराठी आहे, वळणही मराठी, आणि फुकट. मामांनी ल मोठा करून पडदाभर बघितला. "हां. हा आपला." टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेली त्यांची बोटं युनिकोडमध्येही तीच मांडणी वापरू शकतात, हे कळल्यावर त्यांचा अर्धा विरोध गळून पडला. मी तो मुद्दा पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की नवं म्हणजे बोटांनी पुन्हा पहिलीत बसायचं.

पैशाचा मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही. "पेजमेकर मी एकदा विकत घेतलं. आता इनडिझाइनला दर महिन्याला भाडं भरा म्हणतात. पत्रिकेला मी काय दर लावू?" मी लिबरऑफिस दाखवलं. त्यांना ते पान लावायला बोजड वाटलं. मलाही पेजमेकरपुढे ते बोजडच वाटतं. तो प्रश्न तसाच आहे. सध्या ते पत्रिका पोटातल्या एक्सपीत लावतात, पीडीएफ बाहेर काढतात आणि ११ मधून गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर धाडतात. दोन डिस्कांच्या दिवसांत दर पत्रिकेला पेन ड्राइव्ह घेऊन फोनच्या दुकानात जावं लागायचं. एका वेळी दोघे जागे असण्याचा हा फायदा त्यांनी आपणहून कबूल केला.

भाऊबीजेच्या संध्याकाळी २००३ सालची दत्तजयंतीची पुस्तिका युनिकोडमध्ये आणून पूर्ण केली. मी छापून त्यांच्यापुढे ठेवली. मामांनी लाल पेन काढलं, चष्मा पुसला. सहाव्या पानावर एके ठिकाणी गोल केला. 'मार्गशिर्ष', ऱ्हस्व शि.

"रफार आहे, वेलांटी आहे. तुझ्या कोष्टकानं खाल्ली बघ."

मलाही तेच वाटलं. रफार आणि वेलांटी शेजारी आली की काय होतं ते 'कार्तिक'ने दाखवलं होतं. मी एक्सपीची चौकट उघडली, पेजमेकरमध्ये सहावं पान काढलं आणि तो शब्द मोठा केला. तिथेही शि ऱ्हस्वच होती. मामा कपाटापाशी गेले, छापील पुस्तिका शोधून आणली, पान उलटलं. छापून गेलेलीच चूक होती. बावीस वर्षं दर दत्तजयंतीला लोकांनी ती पुस्तिका हातात धरली होती.

मामा खुर्चीत बसले. मी माउस जुन्या फाइलीतल्या त्या शब्दावर नेला.

"तिथे नको," ते म्हणाले. "ती छापून झाली. ती आहे तशी राहू दे. नव्यात कर."

मी नव्यात शी दीर्घ केली. मामांनी पान पुढे घेतलं आणि पेन उघडंच ठेवलं.